जळक्या कडांचा फोटो

लातुरातल्या त्या मंगल कार्यालयात लग्नालाही कधी एवढी गर्दी झाली नसेल. आईबाप, पोरं, पाण्याच्या बाटल्या, प्रसादाची केळी, आणि जो तो भगव्या फडक्यात गुंडाळलेला फोटो छातीशी धरून उभा. मेडिकलची सीईटी तोंडावर आलेली आणि नेमका कोचिंगच्या या गावात तेजोनाथ महाराजांचा मुक्काम पडलेला.

महाराजांचा चमत्कार असा, की मुलाचा पासपोर्ट साइजचा फोटो आदल्या दिवशी द्यायचा. तो म्हणे रात्रभर महाराजांच्या आसनाखाली राहतो. सकाळी शिष्य विरूपाक्ष तो फडक्यात गुंडाळून परत देतो, तेव्हा फोटो वहीएवढा मोठा झालेला असतो आणि त्याला आपोआप कडा उमटलेल्या असतात. भाग्यवानाला सोनेरी कमळाच्या पाकळ्या, कमनशिब्याला जळक्या कडा. फडकं मात्र महाराजांनीच सोडायचं. ते मधला चेहरा झाकलेलाच ठेवून आधी नुसती कड वाचत, भविष्य सांगत आणि मग झटक्यात चेहरा उघडा करत. लोक टाळ्या वाजवत.

"फोटो आम्ही छापत नाही, भक्तहो, फोटो उमलतो," महाराज माइकवर सांगत. "कॅमेरा कातडी टिपतो, आमचं आसन आत्मा टिपतं."

महाराजांचा देह पाहता, त्या आसनाखाली रात्रभर राहून एकाही आत्म्याचा चुरा होत नाही, हाच खरा चमत्कार आहे, असं तनुजाला वाटे. पण तिला हसायची सोय उरली नव्हती. गेल्या आठवड्यात तिचाच फोटो जळका निघाला होता. "ही मुलगी परीक्षेला बसली तर घरावर संकट," महाराज म्हणाले होते. मोठी सोयीची भविष्यवाणी. पोरगी परीक्षेला बसलीच नाही तर ती खोटी ठरणार कशी?

तनुजाचे वडील रामकिशन शिरूर अनंतपाळकडचे शेतकरी. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, पोरीला गावी न्यायचं. दोन वर्षं खोली करून घोकलेलं सगळं पाण्यात. तनुजा भांडली, रडली, पण त्यांनी एकच सांगितलं.

"भूकंपाच्या आदल्या साली जमीन गुरगुरत हुती, तनू. आम्ही म्हणलो, कुठं तरी सुरुंग लावत असतील. निवांत झोपलो. तुझी सिंधुआत्या भिंतीखाली गेली. आता मला खूण दिसली की मी न्हाई झोपत."

तिला वडिलांचा राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती.

खोलीवर तिची मैत्रीण बुशरा होती, मुखेडची. तिच्या अजीजमामूंचा गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ फोटो स्टुडिओ होता आणि सुट्टीत बुशरा तिथं कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम करत असे. वर्गातल्या सुदर्शनचा फोटोही जळकाच आला होता. तो तिनं मागून आणला, तनुजाच्या फोटोवर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. उन्हात आरपार दिसलं. उजव्या कानाजवळ पोपटाच्या चोचीसारखी जळकी खाच, दोघांच्याही फोटोत अगदी एकाच जागी.

"दोन आत्मे, पण जळायला जागा एकच," बुशरा म्हणाली आणि खिडकीचा गज धरून हसत सुटली. तनुजालाही हसू आवरेना. मग दोघी स्टुडिओत गेल्या.

दुसऱ्या दिवशी गावची बस धरण्याआधी तनुजानं वडिलांना गळ घातली. "दादा, महाराजांना अजून एक फोटो वाचू द्या. तो जळका निघाला तर मी निमूट येते."

रांगेतून पुढं सरकत तिनं भगवी गुंडाळी महाराजांच्या हातात दिली. महाराजांनी कड पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. "कमळ! भक्तहो, या जिवाच्या हाती हजारोंची नाडी येणार. गळ्यात स्टेथोस्कोप पडणार. यंदाच एमबीबीएस."

टाळ्या पडल्या. रामकिशनच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराजांनी झटक्यात फडकं ओढलं.

सोनेरी पाकळ्यांच्या मधोमध एक बैल रवंथ करत उभा होता.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. मग रामकिशन पुढं झाले आणि निरखून बघत म्हणाले, "हा तर आमचा मोत्या हाय. पोळ्याला काढलेला फोटो. महाराज, ह्याच्या खुरात नाडी कशी येईल?"

"प्राण्यातही आत्मा असतो," महाराज घाईनं म्हणाले.

"असंल की," पुढची एक म्हातारी बोलली. "पण कोचिंग कंचं लावलं हुतं त्यानं?"

मग जो हशा उसळला तो थांबेचना. पोट धरून लोक एकमेकांच्या अंगावर पडू लागले. तनुजानं माइक घेतला आणि ट्यूबलाइटसमोर ते दोन जळके फोटो एकावर एक धरले. ज्यांचे जळके निघाले होते ते आपापले घेऊन धावले. सगळ्यांच्या उजव्या कानाजवळ तीच चोच.

"दारात रांगोळीचा साचा ठेवतो ना आपण," तिच्यासोबत आलेल्या बुशरानं समजावलं. "छिद्रातून रांगोळी पडते, बाकी जागा झाकलेली राहते. कॉम्प्युटरमध्ये असाच साचा असतो, त्याला मास्क म्हणतात. ते एक काळंपांढरं चित्र. पांढऱ्यातून फोटो दिसतो, काळ्यात झाकला जातो, करड्यात धूसर होतो. झाकलेल्या जागी खालचा रंग दिसतो, सोनेरी टाका नाहीतर करपलेला. यांच्याकडं साचे दोनच, एक कमळाचा, एक जळका. कमळाचा आम्हीही केला, चहा पिता पिता. आसनाखाली काही नाही ठेवावं लागलं."

विरूपाक्ष मागच्या दारानं केव्हाच सटकला होता. महाराज धोतर सावरत त्याला शोधू लागले, पण बाहेरही लोक उभे होते.

रामकिशन मात्र हसत नव्हते. "पण तनू, जमीन गुरगुरली हुती ती तर खरी हुती."

"खरी होती, दादा," तनुजा म्हणाली. "म्हणून तर ती साऱ्या गावाला ऐकू आली. कुणीही कान लावून बघावं, यंत्र लावून मोजावं, अशी ती होती. ही खूण फडक्याखाली झाकून एकटा माणूस वाचतो. खूण मानायची तर तपासून मानायची. जी तपासू देत नाहीत, तिच्यासाठी दोन वर्षं कशाला पाण्यात घालायची? आत्याच्या वेळी आपण तपासलं नाही. आताही तपासायचं नाही का?"

रामकिशननी गावी न्यायला भरलेली तिची पिशवी खांद्याला अडकवली.

"परीक्षा कवा हाय?"

"रविवारी."

"मग इथं काय करायलीस," ते म्हणाले. "चल खोलीवर, अभ्यास बुडतोय."