र नसलेले महिने

माझ्या पबच्या फळ्यावर, जूनचा दुसरा आठवडा:

माशांचं दाट चाउडर सूप, खायच्या सोड्याचा तपकिरी पाव
खेकड्याच्या नांग्या, लसणीच्या लोण्यात
बेकन आणि कोबी

(चौथी ओळही होती. ती मी ओल्या फडक्याने पुसली. का, ते सांगते.)

मॅलकीला मी खिडकीतून रस्ता ओलांडताना पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी, आमचं लग्न ठरता ठरता, तो बोस्टनला गेला होता. आता त्याची आई वारली होती आणि तो तिचं घर विकायला आला होता. आत येऊन काय मागणार, हे मला ठाऊक होतं. फडकं हातातच होतं.

"नोरीन, कालवं आहेत?"

"जूनमध्ये? अक्कल बोस्टनच्या विमानतळावर काढून घेतात वाटतं."

त्याने बोटांवर मोजलं. "मे, जून, जुलै, ऑगस्ट. हां. र नाही."

"नावात र नाही, त्या महिन्यात कालव नाही. अक्षरओळख नव्हती तेव्हापासून पाठ होतं तुला."

"सप्टेंबरपर्यंत कोण थांबतंय?"

"थांबेल त्याला मिळतील," मी म्हटलं, आणि पुढे म्हणणार होते की

टेबल चार. दोन चाउडर, एकात शिंपले नकोत.

कुठे होते मी. हां. खरं असं आहे. तो रचा नियम आमच्या देशी कालवांचा. उन्हाळ्यात ती अंडी घालतात, मांस दुधाळ होतं, चव जाते. पण मॅलकी गेल्यानंतर आमच्या खाडीत दुसऱ्या जातीची शेती सुरू झाली. जाळीच्या पिशव्यांतली ती कालवं बाराही महिने मिळतात. त्या दिवशी माझ्या शीतखोलीत दोन पेट्या होत्या; पुसलेली चौथी ओळ त्यांचीच. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी जवळ जाऊन हळू आवाजात सांगू लागले. लोकांना वाटलं, चोरीचा माल आहे. खप वाढला.

तो रोज यायचा. सोमवारी चाउडर. मंगळवारी चाउडर, पाव दोनदा. बुधवारी आला नाही. घर बघायला कुणी आलं होतं. गुरुवारी नांग्या, आणि लोणी मनगटापर्यंत. रोज जाताना विचारायचा, "आजही नाहीत?" मी म्हणायचे, "आजही जून." मग "आजही जुलै." तो हसायचा. तेवढ्यावर माझी संध्याकाळ निघायची.

त्याला काय सांगायचं, ते मी भांडी घासताना जुळवत असे.
मॅलकी, थांब ना.
मॅलकी, तुझ्या आईचं घर माणसाविना बरं दिसत नाही.
मॅलकी, हे बघ

टेबल एक. बिल.

जुलैच्या वीस तारखेला फेस्टी बोलला. फेस्टी म्हणजे गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसणारा म्हातारा कोळी. अर्धी बियर संपेपर्यंत मुका, नंतर आवरत नाही.

"मॅलकी, अरे बावळटा, ओहोटीला पलीकडे त्या पिशव्या दिसतात, त्यांत काय कोबी पिकतो?"

"फेस्टी, गप बस."

"मी गप बसतो. कालवं बोलतील. काल मीच सहा खाल्ली इथे."

मॅलकीने चमचा खाली ठेवला. "आहेत तुझ्याकडे?"

"आहेत."

"रोज होती?"

"रोज. पण ती आपली नव्हेत. परकी जात."

"मी खाल्ली असती, नोरीन."

"माहीत आहे. म्हणूनच."

फेस्टीने ग्लास उचलला आणि तो चक्क बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मी सहा उघडली. सुरी दोनदा घसरली. मॅलकीने लिंबूही न पिळता खाल्ली, कवचातलं पाणीसुद्धा प्यायला.

"चांगली आहेत," तो म्हणाला. मग म्हणाला, "घर गेलं. काल सह्या झाल्या. शुक्रवारचं विमान आहे."

"सप्टेंबरपर्यंत थांब." शेवटी एवढंच निघालं, तेही नको इतक्या मोठ्याने. टेबल दोनची बाई वळून बघायला लागली.

"आणि मग?"

"मग ऑक्टोबर. त्यातही र आहे. एप्रिलपर्यंत सगळ्यांत आहे."

तो हसला नाही. "तिकडे मुलगी आहे माझी. सोळाची. एक आठवडा आईकडे, एक माझ्याकडे. मला इथे सहा आठवडे झाले, तिचे माझ्याकडचे तीन हुकले."

"नाव काय?"

"रोशीन."

छान नाव आहे, असं मी म्हटलं. खरंच छान होतं.

त्याने पाव मागितला. दिला. थोडं लोणी मागितलं. दिलं. मग पाणी. मग मीठ, जे समोरच होतं; ते मी उचलून त्याच्या हाताजवळ सरकवलं. अजून काय मागावं म्हणून तो टेबलावर बघत राहिला, आणि मी फडकं खांद्यावर टाकून तिथेच उभी होते, जणू सगळा पब रिकामा आहे.