चिंध्यादेवाची वाट

मी दादाच्या बुटांच्या लेस बांधत होते आणि तो दुसरीकडे तोंड करून उभा होता. बहिणीनं लेस बांधून द्यायची हे त्याला अजिबात खपत नव्हतं, आणि मी काही बोलले असते तर तो तिथूनच घरी निघून गेला असता. म्हणून मी, जिला गप्प बसणं जन्मात जमलं नाही, गप्प बसून दुहेरी गाठ मारली.

धम्मरत्न माझा थोरला भाऊ, बुलडाणा डेपोचा एस.टी. ड्रायव्हर. गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आधी वाचा आली, मग पाय आला. डाव्या हाताची बोटं तेवढी हट्टी राहिली. शर्टाचं बटण, बुटाची लेस, पिशवीची गाठ, यांच्याशी त्या बोटांनी जणू वैर धरलं. डेपोनं त्याला टेबलाच्या कामावर बसवलं. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कसं हाये आता?" आणि दादा म्हणायचा, "पाहू." वर्षभर आम्ही हा एकच शब्द ऐकला. डॉक्टर म्हणाले बरा झालास, वहिनी म्हणाली, मी तर ओरडून सांगितलं. दादाचं आपलं पाहू.

मग एक दिवस त्यानं घाटातल्या ट्रेल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. डोंगरातून एकवीस किलोमीटर, वेळ चार तास. मला म्हणाला, "हे चार तासांत पुरं केलं त मी बरा झालो म्हणीन. नाई झालं त नाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बरं होण्याला अशी अट कोण घालतं? पण डॉक्टरांनी सोबत कोणीतरी असेल तरच परवानगी दिली होती. वहिनीचे गुडघे दुखतात, म्हणून ते माझ्या गळ्यात आलं. अमडापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. पळायचं म्हणजे आमच्याकडे एस.टी. सुटताना तेवढं माहीत. तरी सहा महिने त्याच्याबरोबर पळायला शिकले.

जानेवारीची थंडी होती. गावाच्या शाळेसमोर हवा भरलेली मोठी कमान उभी केली होती. सगळ्यात मागून मोटारसायकलवर नौशादभाई येणार होते. ते डेपोतले मेकॅनिक, दादाचे जुने दोस्त. जो थकला त्याला उचलून आणायचं हे त्यांचं काम. दादाला म्हणाले, "ड्रायवरसाहेब, मेहेरबानी करा, आज माह्या गाडीवर बसू नका."

"तुह्या गाडीवर मी जिंदगीत बसलो नाई," दादा म्हणाला. "ब्रेक लागत नाईत तिचे."

सुरुवातीला माईकवरून सांगितलं होतं, की प्लॅस्टिक नको म्हणून वाटेवरच्या झाडांना नारिंगी कापडाच्या पट्ट्या बांधल्या आहेत. पट्टी दिसली की समजायचं, वाट बरोबर आहे. सोपं काम. पहिल्या टेकडीपर्यंत आम्ही घोळक्यात होतो, दुसरीपर्यंत दोघंच उरलो. दादाचा डावा पाय जमिनीवर थोडा घासत येई. उजवा पडला की टप्प, डावा पडला की घस्स. त्या आवाजावर मी माझी पावलं जुळवली. सागाची मोठी वाळकी पानं पायाखाली चुरत होती, गवताची कुसळं मोज्यांत घुसत होती आणि मी दोघांच्याही वाटचं बोलत होते.

निम्म्याच्या अलीकडे एक नाला लागला. तिथं वाट फुटत होती. वाट दाखवायला माणूस उभा असणार होता, पण आम्ही इतके मागे, की सगळे गेले असं समजून तो पुढे निघून गेला असावा. उजवीकडे खाली उतरणाऱ्या वाटेवर पट्टी होती. डावीकडे वर चढणाऱ्या वाटेवरही होती, तीही नारिंगीच.

"कोणती वं?" दादा थांबून म्हणाला.

"वरची," मी बेधडक सांगितलं. "ज्यानं हा रस्ता शोधला त्याला माणसांचा जीव घ्यायचाच आहे. तो खाली कशाला नेईल?"

दादा हसला. कितीतरी दिवसांनी हसला होता, म्हणून मीही खूश झाले आणि आम्ही वर चढू लागलो.

ती चढण म्हणजे चढण नव्हती, भिंत होती. पळणं म्हणायचं, पण खरं तर आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून रेटत होतो. दादा मात्र थांबेना. मी पाणी पी म्हटलं, त्यानं मान हलवली. जरा दम धर म्हटलं, तर घस्स आवाज आणखी जोरात आला. थोडं वर गेल्यावर पट्टी हिरवी निघाली. मग एक फुलाफुलांची, मग लुगड्याचा काठ, मग शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा.

"आयोजकांचं कापड संपलं वाटते," मी म्हणाले खरी, पण माझाच त्यावर विश्वास बसेना. एवढ्या चढणीवर चुकलो असू तर? त्याच्या त्या चार तासांचं काय? मी घड्याळ पाहिलं आणि त्याला सांगितलं नाही.

शेवटचे दगड हातांनी धरून आम्ही माथ्यावर आलो.

तिथं एक झाड होतं. अंजनाचं, फार जुनं. बुंधा दिसतच नव्हता, कारण तळापासून हात पोचेल तिथवर त्याला चिंध्याच चिंध्या बांधल्या होत्या. खालच्या इतक्या जुन्या, की मातीच्या रंगाच्या होऊन सालीत शिरल्या होत्या. त्यांच्यावर दुसऱ्या, त्यांच्यावर आणखी. किती पिढ्यांची माणसं इथं चढून आली असतील, आणि प्रत्येक जण काय मागत आला असेल? वारा आला की सगळं झाड एकदम हलायचं आणि त्यातून गर्दी हळू आवाजात बोलावी तसा आवाज यायचा. झाडाच्या पलीकडे जमीन संपत होती. डोंगर तुटून खाली गेला होता आणि घाटाखालचा सगळा मुलूख उन्हात उघडा पडला होता. शेतांचे तुकडे, नांदुऱ्याकडे सरकणारी बारीकशी आगगाडी, आणि फार लांब सातपुड्याची निळी रेघ. बुलडाण्यात जन्म काढला आणि आपण एवढ्या उंचावर राहतो हे मला माहीत नव्हतं. दादा माझ्या शेजारी उभा होता, धापा टाकत.

झाडाखाली एक म्हातारी झाडून काढत होती. पुष्पाबाई तिचं नाव, खालच्या वाडीतली. आमच्या छातीवरचे नंबर तिनं निरखून पाहिले.

"मावशी," मी विचारलं, "नाल्यापासून इथवर ह्या चिंध्या कोणी बांधल्या?"

"आम्हीच बांधल्या, बाई."

मी भडकले. "काऊन? आमची वाट चुकली ना त्यांच्यानं."

ती शांतपणे झाडू टेकवून बसली. "हा चिंध्यादेव हाये. दुखणं असो, लेकराचं असो, इथं येऊन एक चिंधी बांधतात. एकच. अन् चार रोजापाठी आम्ही कापूस येचाले गेलो त झाडाझाडाले चिंध्या. कोसभर पाह्यलं, संपेचनात. आम्ही म्हणलं, बाप्पा, कोनाचं एवढं दुखणं असंल, का एका चिंधीत माईना?"

मी तोंड उघडलं, पण ती थांबली नाही.

"बांधत बांधत आला बिचारा, अन् नाल्यापाशी चुकला. खाली वयला. देव त वर हाये. एवढा मोठा नवस अन् रस्त्यातच राह्यला, देवापाशी पोचलाच नाई. मंग आम्ही घरटी एक-एक चिंधी काहाडली. ज्याच्या घरात जे होतं ते. नाल्यापासून बांधत बांधत इथवर आणून पोचवला."

"पण कोणाचा आहे हे माहीत नसताना?"

"दुखणेकऱ्याले काय नाव इचारा लागते, बाई?"

आता खरं सांगायचं, तर मी भाषणाच्या तयारीत होते. आम्ही बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वाढलेली पोरं. नवस, अंगारा, गंडा, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही, आणि मी तर विज्ञानाची बाई. मावशी, हा नवस नाही, शर्यतीच्या खुणा आहेत, असं मी सांगणार होते. तेवढ्यात दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माह्यावाला होता," तो म्हणाला.

खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, आत्ताही तो खोटं बोलत नव्हता.

"काय झालतं, बापू?"

"अंगावरून वारं गेलतं."

पुष्पाबाईनं त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला, बोटं एकेक करून पाहिली. मग उठून माथ्यावरून त्या चढणीकडे नजर टाकली. "अन् हे तू पयत आला?"

"हाव."

"मंग नवस फिटला म्हण ना."

"अजून नाई, माय. अजून खाली जायचं हाये."

"बरं. फिटला की येजो. एक चिंधी सोडा लागते. कोनतीबी सोड. आपलीच पाह्यजे असं काई नाई."

तेवढ्यात नौशादभाई वर आले, गाडी नाल्यात टाकून, पायी, अक्षरशः रांगत. आम्हाला पाहून आधी अल्लाचं नाव घेतलं, मग आमच्या खानदानाचं. म्हणाले, इथून परत नाल्यात जाऊन पुढचं सगळं अंतर, चार तासांत काही होत नाही, गाडीवर बसा. दादानं ऐकून घेतलं आणि उतरायला लागला. त्या दिवशी नौशादभाईंनी आमच्या मागं गाडी इतकी हळू चालवली, की दोनदा बंद पडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. पिंडऱ्यांत गोळे आले, पाणी संपलं, माझं बोलणंही संपलं. घस्स, टप्प, घस्स. चार तास कुठल्याशा पळसाखाली संपले. मी घड्याळ पाहिलं, दादानंही पाहिलं, आणि पाय थांबले नाहीत. त्या माणसाला मी लहानपणापासून ओळखते असं मला वाटत होतं. त्याच्या पाठीकडे बघत पळताना कळलं, की मी त्याला अजिबात ओळखत नव्हते.

आम्ही पोचलो तेव्हा कमानीतली हवा काढली होती. ती मैदानात पसरली होती आणि दोघं जण घडी घालत होते. फक्कीची रेघ तेवढी उरली होती. दादा ती ओलांडून थांबला.

"वेळ केव्हाच संपली, दादा," नोंदीच्या टेबलावरचा माणूस ओशाळून म्हणाला. "नोंद होणार नाही."

"एकवीसच्या वर पयले ना हे लोक!" नौशादभाई तापले. दादानं त्यांना हातानं थांबवलं, टेबलावरच्या माणसाला जय भीम घातला आणि पाणी मागितलं.

मला राहवेना. "दादा, आता तरी? आता कसं हाये?"

त्यानं पाणी संपवलं, तोंड पुसलं. "पाहू."

मी शाळेच्या भिंतीमागे जाऊन रडले. रागानं रडले. एवढा डोंगर चढला, एवढा उतरला, आणि माणूस तिथल्या तिथंच.

पुढच्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "चाल. चिंधी सोडाले जायचं हाये."

तो घ्यायला आला तेव्हा त्याच्या पायात चपला होत्या. लेस बांधायचा प्रश्नच नव्हता. नाल्यापर्यंतच्या नारिंगी पट्ट्या आयोजकांनी काढून नेल्या होत्या. वाडीतल्या बायकांनी बांधलेल्या तेवढ्या राहिल्या होत्या, नाल्यापासून वर माथ्यापर्यंत. आम्ही त्यांच्या बाजूनं सावकाश चढलो. दादा प्रत्येक चिंधीपाशी थांबून तिला बोट लावत होता.

पुष्पाबाई झाडाखालीच होती. तिनं नुसतं झाडाकडे बोट केलं.

दादानं एक चिंधी निवडली. गाठ बारीक होती, ऊनपावसानं दगडासारखी झालेली. उजव्या हातानं त्यानं कापड धरलं आणि डावा हात गाठीला लावला. बोटं घसरली. परत लावली, परत घसरली. अंगठ्याचं नख गाठीत शिरेना. त्याच्या कपाळावर घाम आला. माझा हात आपोआप पुढं गेला. पुष्पाबाईनं माझं मनगट पकडलं, चांगलं घट्ट, आणि सोडलं नाही.

खाली नांदुऱ्याकडून एक आगगाडी आली आणि गेली. वारा सुटला, सगळं झाड बोलायला लागलं, मग थांबलं. दादाची बोटं त्या गाठीवर फिरतच होती. मला त्या घटकेला झाड, डोंगर, घाटाखालचा मुलूख काही दिसत नव्हतं, फक्त ती हट्टी बोटं दिसत होती.

गाठ सैल झाली. मग सुटली.

चिंधी त्याच्या डाव्या तळहातावर पडली. विटलेला निळा तुकडा, कोणाचा होता कोण जाणे.

"कसं हाये आता, बापू?" पुष्पाबाईनं विचारलं.

"बरा हाये, माय," दादा म्हणाला.