तव्यावरचा मका

"इडेला, ठेव ती सुरी! आज तू चुलीपाशी उभी राहिलीस तर लोक काय म्हणतील?" वर्नीसने दारातूनच आवाज चढवला.

इडेलाने मान वर केली नाही. अंगात काळा पोशाख, त्यावर एप्रन, पुढ्यात सोललेल्या कणसांचा ढीग. दुपारी तिच्या नवऱ्याला, हॉलिसला, मूठमाती द्यायची होती. तो गेल्यापासून शेजारणींनी तिला कशाला हात लावू दिला नव्हता. तळलेली कोंबडी, हॅम, केक यांनी टेबल भरून गेलं होतं. मका मात्र कोणीच आणला नव्हता. अलाबामातल्या त्या गावात मयताच्या जेवणाला तव्यावरचा मका न्यायचा तो इडेलानेच. इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून ती घरी यायची आणि कोणाकडे कोणी गेल्याचं कळलं की न बसता कणसं सोलायला घ्यायची.

"ताई, परसातला मका आज तयार झालाय. उद्या त्याची गोडी जाईल."

"जाऊ दे गेली तर! माझा भाऊ गेलाय, आणि तुला मक्याच्या गोडीची पडलीय?"

सुरी थांबली. "तुमचा भाऊ रोज संध्याकाळी दाण्याला नख लावून बघायचा. 'अजून थोडं थांबू,' म्हणायचा. गेला त्या दिवशीही तेच म्हणाला. आता काय करू, सांगा. कावळ्यांना घालू?"

वर्नीसने स्टूल ओढलं आणि एक कणीस उचललं.

"केस बघ किती ठेवलेस! खाणाऱ्यांच्या दातांत अडकतील. सोलतेस का नुसती कुरवाळतेस?"

"मग तुम्ही काढा."

"काढतेच आहे."

इडेलाने दाणे कापले, मग सुरीची पाठ फिरवून कणसातलं दूध खरवडून घेतलं. बिडाच्या तव्यात लोणी विरघळलं, त्यात दाणे आणि दूध पडलं, आणि घरभर वास सुटला. ती सावकाश हलवत राहिली. मका आळून आला, तसे तिने दोन डाव एका वाटीत काढले आणि मिठाला हात घातला.

तो हात तसाच राहिला.

डॉक्टरांनी हॉलिसचं मीठ तोडल्यापासून ती आधी त्याची वाटी काढायची, मग बाकीच्यात मीठ घालायची. आजही तिने वाटी काढली होती.

वर्नीसने ते पाहिलं. भावाच्या घरचं जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, असं ती गावभर सांगत असे. इथे जेवायला येताना पिशवीत मिठाची पुडी घेऊन यायची. ती उठली, वाटी घेतली आणि खिडकीपाशी उभ्या उभ्या खाऊ लागली.

"ताई, मीठ नाहीये त्यात."

"ठाऊक आहे."

"देऊ?"

वर्नीसने पाठमोरीच नकारार्थी मान हलवली. तिचे खांदे हलत होते, पण चमचा थांबला नाही. इडेलाने तव्यात मीठ टाकलं आणि पुन्हा हलवायला घेतलं.

वाटी रिकामी झाल्यावर वर्नीसने ती धुतली, भांडी पुसायच्या कोरड्या फडक्याने पुसली आणि कोणाला न विचारता फडताळात तिच्या जागी ठेवली.