रिकामी पाकिटं

दिपमाला पिंप्राळ्याहून स्कूटीवर निघायची, तेव्हा तिची वर्षभराची लेक जावेच्या कडेवरून हात पुढं करायची. तिकडं बघितलं की पाय निघत नाही, म्हणून ती बघतच नसे. एरंडोलजवळच्या एका खेड्यात साठ लेकरांची वजनं घ्यायची, हे तिचं काम. एका कंपनीनं पौष्टिक बिस्किटं काढली होती. ती खाऊन मुलं बाळसं धरतात का, याचा अभ्यास कंपनीच्याच पैशानं चालला होता. बिस्किटं पोटात गेली की नाही हे ओळखायची युक्ती साधी. घरच्यांनी रिकामी पाकिटं जपून ठेवायची, दिपमालानं ती मोजायची.

भागाबाईचा नातू नवल सगळ्यांत पुढं होता. तीन महिन्यांत किलोभर वाढला. अहवालाच्या पहिल्याच पानावर त्याचा फोटो जाणार होता.

"आवडीनं खातो का हो, आक्का?" काटा लावता लावता दिपमालानं सहज विचारलं.

"तो कशाले खाई? तो कळण्यानी भाकर खास, वर दूध. बिस्किटं बकरी खास." भागाबाईनं पाकिटांची चळत पुढं सरकवली. "पाकिट मात्र एक नही फेकं माय. मोजी ले."

"म्हणजे हा भाकरी-दूध खातो आणि बिस्किटं शेळी खाते? अहो, मग मला सांगायचं ना!"

"तू पाकिटं मांग्यात, मी दिधात." म्हातारी हसली. "बिस्किट कंपनीनं, काटा कंपनीना, तुन्हा पगारबी कंपनीना. पोऱ्या तेवढा मन्हा शे."

दिपमाला अंगणात आली आणि तिनं भूषणसरांना फोन लावला. जळगावच्या ऑफिसात तेच सगळं बघत. तिचं काम महिनाअखेर संपत होतं. पुढं ठेवायचं की नाही, हेही त्यांच्याच हातात.

"पाकिटं रिकामी आहेत ना? मग खाल्ली म्हणून लिहा."

"शेळीनं खाल्लीत, सर."

"मग शेळीचं वजन घ्या!" सर मनापासून हसले.

"गेल्या महिन्यात झुलालभाऊंच्या मुलीला आपण यादीतून काढलं. तिनं बिस्किटं खाल्ली नव्हती म्हणून."

"तिचं वजन कुठं वाढलं होतं? याचं वाढलंय."

"खाल्ली तर यानंही नाहीत."

मग सर हळू आवाजात म्हणाले, "दिपमालाताई, तुम्हाला पुढं काम हवंय ना?"

हवं होतं. लेकीला सोडून उगीच का यायची ती? फोन ठेवून ती ओट्यावर टेकली. वहीत नवलच्या नावापुढं तिनं लिहिलं, 'बिस्किटे मुलाने खाल्ली नाहीत. शेळीला घातली.' खाली सही केली, पानाचा फोटो काढला आणि सरांना धाडून दिला.

मग ती शेजारच्या हमीदाच्या घरी गेली. तिथंही पाकिटं धुऊन-पुसून रचलेली. दिपमालानं ती मोजली नाहीत.

"खरं सांग हमीदा, बिस्किटं कोण खातं?"

हमीदानं ओढणी तोंडाला लावली, सासूकडं पाहिलं आणि दारातून हाक मारली. आधी एक आलं, मग दोन, मग आणखी दोन. पाच लेकरं ओळीनं उभी राहिली. यादीत त्यांतलं एकच होतं.