हार्लनच्या नावाचा फुकट परवाना

मी एक शिकारीचा परवाना बोलतोय, तोही फुकटचा. नॉर्थ डकोटात ज्याची स्वतःची शेती, त्याला मी पैसे न भरता मिळतो. अट एवढीच, की हरीण त्यानंच मारायचं आणि तेही स्वतःच्याच रानात. माझ्यावर नाव हार्लन टीट्झचं. खाली एक चिठ्ठी जोडलेली होती. ती मारलेल्या हरणाच्या शिंगाला बांधायची असते.

हार्लनचे गुडघे गेलेत. सहा वर्षांत त्यानं बंदूक उचललेली नाही, पण फुकटचं सोडवत नाही म्हणून अर्ज मात्र न चुकता करतो. त्याची गुरं सत्तावीस वर्षं डेल सांभाळतो. डेलच्या नावावर वीतभर जमीन नाही. त्याला पैसे भरून सोडतीत नाव घालावं लागतं, आणि यंदाही ते निघालं नाही.

हंगाम उघडला त्या दुपारी हार्लननं मला गाडीच्या कप्प्यातून काढलं आणि डेलच्या हातात कोंबलं. म्हणाला, "घे रे, वाया कशाला घालवायचा? कोण बघतंय इथं?"

डेल नको नको म्हणत होता. मला मात्र कधी एकदा रान बघतो असं झालं होतं. त्या हावरेपणाची आता लाज वाटते.

शेवटी डेल मला घेऊन रानात गेला. हरीण मारून येताना फाटकापाशीच त्याला शिकारीवर नजर ठेवणारा सरकारी वॉर्डन भेटला. त्यानं चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि हार्लनला बोलावून घेतलं. खरं सांगितलं तर आपलाही परवाना जाणार, चर्चमध्ये चर्चा होणार, म्हणून हार्लन घाबरला.

"मी नाही दिला," तो म्हणाला. "कप्प्यातनं घेतला असेल त्यानं."

डेलनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "मालक म्हणतायत तसंच."

डेलची बंदूक जप्त झाली. ती त्याच्या वडिलांची होती. मला चोरीचा माल म्हणून हार्लनला परत दिलं.

दुसऱ्या दिवशी डेल नेहमीच्या वेळी आला, वासरांना चारा घातला. कॉफीला मात्र स्वयंपाकघरात आला नाही. आता तो घरूनच थर्मास आणतो आणि गोठ्यात उभ्यानं पितो. हार्लन खिडकीतून बघतो आणि त्याचा कप तसाच गार होतो.

सोमवारी डेलची कोर्टात तारीख आहे. गुन्हा ठरला तर बंदूक कायमची गेली.

मी हार्लनच्या शर्टाच्या खिशात आहे. तीनदा तो वॉर्डनच्या कचेरीसमोर येऊन, गाडीत बसून परत गेला. आज शुक्रवार, चौथी खेप. कचेरी पाचला बंद होते आणि आता पावणेपाच झालेत. गाडी चालूच आहे.

हार्लन, मीही तेव्हा गप्प राहिलो, मलाही तोंड नाही. पण माझ्यावर नाव तुझं आहे. गाडी बंद कर आणि उतर.