मधली जागा सोडून

डावीकडे

मेहबूबभाईंनी रंगवलेल्या पडद्याचं खालचं टोक पायाच्या अंगठ्यानं दाबून धरलं आणि काठी वर सरकवली. कसब्यातल्या त्या खोलीत पडदा पुरता उलगडत नसे. वरचं आभाळ छताला टेकलं, खालची वाळू फरशीवर पसरली. डावीकडे वाकलेला माड. मागे निळं पाणी, त्याला वाळूनं तिन्ही बाजूंनी घातलेला वेढा.

मुक्ता उंबऱ्यावरूनच बघत होती. आत पाऊल टाकलं असतं तर ते वाळूवर पडलं असतं.

“काका, माड भारी आहे. एकदम रेट्रो. पण मधे काय?”

“मधे काही नाही.”

“म्हणजे अजून काढायचंय?”

“तिथं काढत नाहीत. तिथं फोटोचं गिऱ्हाईक उभं राहतं.”

“अहो पण माझ्याकडे कोण उभं राहणार? भिंतीला लावायचाय. लोक समोर बसून कॉफी पिणार.”

विश्रांतवाडीत, तिच्या आजोबांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत, तिचं कॅफे निघणार होतं. आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोत त्यांच्या पाठीमागे तिनं हे पाणी पाहिलं होतं, आणि तो पडदा रंगवणारा माणूस शोधत ती इथवर आली होती.

“मधे टक्कल पडल्यासारखं दिसतंय, काका. रविवारपर्यंत बघा काही जमतं का. नाहीतर मी सरळ फ्लेक्स छापून आणते.”

ती गेल्यावर आतून त्यांची बायको मुमताज म्हणाली, “मासा काढा एखादा.”

“मासा पाण्याखाली असतो.”

“मग होडी.”

“होडी उजवीकडे आहे.”

“अहो, मग तिथं असतं तरी काय?”

मेहबूबभाईंनी ब्रश पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. शहरातल्या किती स्टुडिओंत त्यांचे पडदे लागले होते. प्रत्येकावर हेच पाणी, आणि हे पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मूळ चित्र आप्पासाहेबांच्या स्टुडिओतल्या विलायती कॅलेंडरचं. त्यात अगदी मधोमध पोहण्याच्या कपड्यातली एक गोरी बाई होती. आप्पासाहेबांनी तिच्यावर जाड कागद चिकटवला आणि मगच ते चित्र तरुण मेहबूबच्या हातात दिलं. ‘तेवढं सोडून बाकीचं उतरव.’

तेवढं सोडून बाकीचं त्यांनी जन्मभर उतरवलं.

वर

एसटी घाटातून उतरत होती. मेहबूबभाई खिडकीतून आभाळ बघत होते. त्यांच्या पडद्यावर ते वर गुलाबी आणि खाली निळं असे; इथं ते पांढरटच होतं, धुऊन धुऊन रंग गेलेल्या चादरीसारखं. त्यांचे पक्षी म्हणजे मास्तरांनी बरोबरच्या खुणा कराव्यात तसे. इथं एकच घार होती, आणि ती पंख हलवतच नव्हती.

असं पाणी असलेली जागा फोटोग्राफर श्यामनं सांगितली होती. तो आता लग्नाआधीच्या जोडप्यांचे फोटो बाहेर नेऊन काढी. ‘चाचा, अगदी तुमच्या पडद्यासारखं आहे तिथं. फक्त ऊन लागतं.’

मुमताजनं डब्यात चपात्या आणि खिमा भरून दिला होता. वयाच्या मानानं हा हट्ट कसा, असं तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “मधे काय असतं ते मलाही सांगा.”

उजवीकडे

फाट्यावर उतरून सुरूच्या झाडांतून ते चालत गेले, आणि झाडं संपली तिथं थबकले.

होतं. सगळं होतं. वाळूचा लांब दांडा, दांड्यापलीकडे गरजणारा समुद्र, अलीकडे मुकाट पडलेलं पाणी. माणूस नाही, दुकान नाही. डावीकडे माड होते. पण एकही वाकलेला नाही. त्यांच्या पडद्यावरचा माड डावीकडे झुके, कारण आप्पासाहेबांचा दिवा उजव्या कोपऱ्यात असे आणि सरळ माड काढला तर तो नवऱ्याच्या फेट्याआड जाई.

उजवीकडे होडी होतीच. पालथी. तिच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं.

आणि मधे? भरतीचं पाणी, त्यावर टळटळीत ऊन. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. नुसती चकाकी. जणू तिथंही कुणी कागद चिकटवून ठेवला होता.

खाली

वाळूत बसून त्यांनी डबा उघडला. थोड्या वेळानं सुरूतून एक बाई टोपली घेऊन आली आणि दोन हातांच्या अंतरावर बसली.

“काय वो भाऊ, कोनाकडं आलाव?”

“कुणाकडे नाही. हे पाणी बघायला आलो. पुण्याहून.”

“पानी? पुन्यात पानी नाय?”

“आहे. पण ते नळाला येतं.”

बाई हसली. आनंदीबाई तिचं नाव. या पाण्याला ती आतला दर्या म्हणत होती.

“ही होडी कुणाची?” त्यांनी विचारलं. “मला मधे जायचंय.”

“तिला भोक हाय. आनि मधे कशाला?”

“काय आहे ते बघायला.”

आनंदीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरी दाढी, इस्त्रीची पँट, नखांच्या कडेला निळा रंग.

“बसा. पानी जाऊंदे.”

“शेवटची गाडी चुकेल माझी.”

“मंग जा.”

ते गेले नाहीत. चपातीत खिमा गुंडाळून त्यांनी तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, आणि दोघं पाणी बघत जेवली. पाणी जाताना दिसत नव्हतं. गेलेलं मात्र दिसत होतं.

मधे

सुरूंच्या सावल्या लांबल्या तशा आणखी तीन-चार बाया आल्या. आनंदीबाईंसकट सगळ्यांनी लुगडी वर खोचली, टोपल्या कमरेला लावल्या आणि बोलत बोलत पाण्यात शिरल्या. मेहबूबभाई धसकून उभे राहिले. बाया चालतच राहिल्या. पाणी पोटरीला आलं, गुडघ्याला आलं आणि तिथंच थांबलं. आतल्या दर्याच्या अगदी मधोमध त्या उभ्या राहिल्या, वाकल्या आणि वाळू चाचपून तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, वेचू लागल्या.

मेहबूबभाईंना हसू फुटलं. ते एवढ्यानं हसले की होडीखालचं कुत्रं जागं झालं.

“काय झालं वो?” आनंदीबाईंनी लांबून विचारलं.

“काही नाही! गिऱ्हाईक आहे मधे!”

त्यांनी पँट दुमडली. खाली वाळू घट्ट होती, पाणी उन्हानं कोमट झालं होतं. बायांच्या जवळ जाऊन ते उभे राहिले, आणि हात आपोआप बाजूला सरळ झाले, हनुवटी खाली आली. आप्पासाहेब सांगत तशी.

“फोटो काढतंय काय कोन तुमचा?” एकीनं विचारलं. बाकीच्या खिदळल्या.

मग ते वळले. पडद्यासमोर उभं राहिलेल्या कुणीच कधी वळून पाहिलं नव्हतं. सगळ्यांची पाठ पाण्याकडे. ते माडांकडे वळले, दांड्याकडे वळले, पुन्हा काठाकडे वळले. आणि मग खाली पाहिलं. पायांभोवती पाणी गोल गोल फुटत होतं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.

सुरूंच्या पलीकडे एसटीचा हॉर्न वाजला. ते तरीही क्षणभर खालीच बघत राहिले. मग चपला हातात घेऊन धावले.

“आजोबा, सीट भिजवू नका,” कंडक्टर म्हणाला. “समुद्र इथंच ठेवून यायचा.”

पडद्यासमोर

रविवारी सकाळी मुमताज चहा घेऊन आली तेव्हा मेहबूबभाई ब्रश धूत होते. पडदा भिंतीवर होता. डावीकडे माड, वाकलेलाच. उजवीकडे होडी. मधे कुणी नव्हतं. नुसती पाण्यावर वलयं होती, दोन पायांभोवती फुटतात तशी, हलक्या पांढऱ्या रंगाची, अजून ओली.

तिनं कप खिडकीत ठेवला. जवळ गेली, मग मागे सरकली. पदर सारखा केला.

“कोण होतं इथं?”

“गिऱ्हाईक,” मेहबूबभाई म्हणाले. “आत्ताच गेलं.”

जिन्यात मुक्ताच्या चपलांचा आवाज आला. मुमताज पडद्यासमोरून बाजूला झाली.