पाचव्या हुकावरची पाटी

"बॉक्सिंगला दोन ब्राँझ असतात, बाई! दोन!" फलक विभागाच्या साहेबांनी दोन बोटं तिच्या नाकासमोर नाचवली. "सेमीफायनलला हरलेले दोघंही पदक घेऊन जातात. तिसऱ्या नंबरासाठी पुन्हा लढत नाहीत ते."

पाटीवालीने सकाळचा निकालांचा कागद पुन्हा काढून पाहिला. स्पर्धा सुरू झाल्यापासून फोनवर निकाल घ्यायचे, कुठल्या देशाची किती पदकं झाली ते पाहायचं आणि स्टेडियमबाहेरच्या उंच फलकावर देशांच्या पाट्या वरखाली टांगायच्या, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला पाटीवालीच म्हणत. आधी सुवर्ण बघायचं, तिथे बरोबरी झाली तर रौप्य, तिथेही झाली तर कांस्य. एवढं तिने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण सकाळी बॉक्सिंगच्या निकालात तिसऱ्या क्रमांकाला दोन नावं आली, तेव्हा फोनवरचा माणूस चुकून दोनदा बोलला असं समजून तिने एक सोडून दिलं. पुढच्या वजनी गटातही हाच शहाणपणा केला. आणि नशीब असं, की सोडलेले दोन्ही बॉक्सर शेजारच्या देशाचे निघाले.

सुवर्ण सारखी, रौप्य सारखी. कांस्यात आपण एकाने पुढे, म्हणून दुपारी तिने आपली पाटी पाचव्या हुकावर चढवली आणि शेजाऱ्यांची सहाव्यावर. पाचवं सोडाच, आपला देश आजवर पहिल्या दहातही आला नव्हता. चौक माणसांनी फुलून गेला. लोक नाचत होते, ओळखदेख नसलेल्यांना मिठ्या मारत होते. आपण पाचवे यापेक्षा शेजारी सहावा याचाच आनंद जास्त होता, पण तसं कबूल कोण करणार?

"आजचा दिवस राहू द्या ना, साहेब," ती म्हणाली. "गर्दी पांगली की बदलते."

"सहाच्या बातम्यांत खरा तक्ता दाखवणार आहेत. तोवर पाटी तशीच राहिली तर मुद्दाम केलं म्हणतील. नोकरी जाईल."

"तुमची?"

"तुमची," साहेब म्हणाले आणि रुमालाने मान पुसू लागले.

"मग तुम्ही माइकवरून सांगा लोकांना. चूक झाली म्हणा."

"मी? मला बैठक आहे हो."

कसली बैठक नि कुठली, ते त्यांनाच ठाऊक. जिना उतरताना मात्र ते दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले.

काल याच चौकात, शेजाऱ्यांच्या रंगाचा शर्ट घातला म्हणून एका पाणीवाल्याला लोकांनी बडवून काढलं होतं. बिचाऱ्याकडे तेवढाच एक धुतलेला शर्ट असेल. तिने ते ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं होतं, आणि पाहून खिडकी लावून घेतली होती. आता तिला घरी पळून जावं असं वाटलं. पण नवरा बस चालवायचा, त्याच्या एकट्याच्या पगारात घर चालणार नव्हतं.

ती फलकाला शिडी लावून चढू लागली, तशी गर्दीने आरोळी ठोकली.

"चढली, चढली! आपण चौथे!"

"चौथे! चौथे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यात तिच्यासाठी कुणी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. वर पोचून तिने मागे वळून पाहिलं आणि तिला नवरा दिसला. सुट्टी टाकून तो मुलीला आईचा फलक दाखवायला घेऊन आला होता. मुलगी त्याच्या खांद्यावर बसून दोन्ही हात हलवत होती. या दोघांना आजच यायचं होतं?

तिने आपली पाटी काढली. टाळ्या थांबल्या. शेजाऱ्यांची पाटी उचलून पाचव्या हुकावर घातली, तेव्हा क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग सगळा चौक एकदम पेटला.

"ए! काय करतेस?"

"कुणाचं खाल्लंस गं?"

"उतर खाली, दाखवतो तुला!"

एक बाटली तिच्या कानाजवळ आपटून फुटली. "बॉक्सिंगला दोन ब्राँझ असतात हो!" ती ओरडली. तिचं तिलाही ऐकू आलं नाही. स्टेडियमच्या दारावरचा पहारेकरी कधीच आत जाऊन कडी लावून बसला होता.

मुलीने वर बोट दाखवलं. "आई" म्हणताना उघडलेलं तिचं तोंड पाटीवालीला वरूनही ओळखू आलं. बाजूच्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. नवऱ्याने झटकन मुलीला खाली घेतलं, तिच्या तोंडावर हात ठेवला आणि हसत हसत त्या माणसांना काहीतरी सांगितलं. मग तोही मूठ उगारून इतरांबरोबर ओरडू लागला.

बरं केलं त्याने, तिला वाटलं. अगदी बरं केलं. तरी डोळे भरून आलेच.

मुलगी बापाच्या हाताआडून अजून वरच बघत होती. पाटीवालीने परक्या मुलीवरून फिरवावी तशी तिच्यावरून नजर फिरवली, आपली पाटी सहाव्या हुकावर अडकवली, ती तिरकी तर नाही ना ते पाहिलं, आणि पायाने खालची पायरी चाचपू लागली.